तेच कार्टून पुन्हा पुन्हा का लागतं?



नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या बचत गटांच्या बैठकांत आम्ही जातो, तेव्हा हप्ते, व्याज आणि कर्जाचा विषय संपला की लेकरांचा विषय निघतो. त्यात हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "या कार्टूनच्या वाहिनीवर तेच ते भाग कितीदा लावतात? आम्हाला पाठ झालेत, तरी लेकरू डोळा हलवत नाही. टीव्हीवाल्यांकडं नवीन काही नाही का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर आपल्या घरापर्यंत येतं. त्यात धंद्याचा हिशेब आहे, आपल्या भाषेचा प्रश्न आहे आणि आपल्या पदराच्या गाठीतल्या पाच रुपयांचाही प्रश्न आहे. म्हणून आजचं बोलणं या विषयावर.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शेतातून दिवेलागणीला घरी आल्यावर चूल पेटवायची, भाकरी थापायची, जनावरांचं बघायचं, पाणी भरायचं. त्या वेळेत लेकरू टीव्हीपुढं शांत बसतं म्हणून आपल्याला दोन हातांनी काम करता येतं. ज्या घरात दुसरं कोणी लेकरू सांभाळायला नाही, तिथं टीव्ही हेच पाळणाघर झालंय. त्यामुळं टीव्ही लावला म्हणून कोणत्याही आईनं स्वतःला दोष द्यायचं कारण नाही. पण जे पाळणाघर आपण वापरतो, ते चालतं कसं, एवढं आपल्याला माहीत पाहिजे.

भाड्यानं आणलेली भांडी

पडद्यावरचं हलतं चित्र म्हणजे एकामागून एक भराभर दाखवलेली स्थिर चित्रं. सिनेमाच्या हिशेबात एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. म्हणजे बावीस मिनिटांच्या एका भागाला एकतीस हजारांच्या वर चौकटी झाल्या. प्रत्येक चौकटीला नवीन चित्र काढत नाहीत, एकच चित्र दोन-तीन चौकटींना चालवतात. तरी चित्रकार, आवाज देणारे, गाणी करणारे, जोडणी करणारे अशी मोठी माणसं लागतात. वेळ लागतो आणि पैसा लागतो.

मग वाहिनीवाले काय करतात? दुसऱ्या देशात आधीच तयार झालेलं कार्टून घेतात. घेतात म्हणजे कायमचं विकत घेत नाहीत, तर ठरावीक मुदतीसाठी दाखवायची परवानगी घेतात. आपल्यातल्या काही गटांनी लग्नकार्याची भांडी घेतली आहेत. मोठी पातेली, परात, ताटं-वाट्या. गटानं पैसा एकदा घातला आणि भांडी गावोगाव भाड्यानं दिली. कार्टून बनवणारी कंपनी म्हणजे तो गट. वाहिनी म्हणजे भांडी भाड्यानं नेणारं घर. ज्यानं भाडं भरलं, तो मुदत संपेपर्यंत पातेलं जितक्यांदा चुलीवर चढवता येईल तितक्यांदा चढवणारच.

डोरेमॉनचंच पाहा. ही जपानची गोष्ट आहे. फुजिको एफ. फुजिओ या नावानं लिहिणाऱ्या चित्रकारानं ती १९६९ च्या अखेरीस मुलांच्या मासिकांसाठी सुरू केली. १९७९ पासून जपानच्या टीव्हीवर तिची मोठी मालिका सुरू झाली आणि ती २००५ पर्यंत चालली. तेवढ्या काळात दीड हजारांहून जास्त गोष्टी तयार झाल्या. आपल्याकडं ती हिंदी आवाजात आली तेव्हा तिचं केवढं तरी कोठार तयार होतं. टॉम अँड जेरी तर त्याहून जुनं. त्यातली पहिली गोष्ट १९४० ची आहे. तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य होतं. तेच मांजर आणि तोच उंदीर आज आपली नातवंडं पाहतात.

काही कार्टून आपल्या देशातही बनतात. २००८ साली पोगो वाहिनीवर आलेला छोटा भीम आपल्या शेजारच्या हैदराबादेत, ग्रीन गोल्ड ॲनिमेशन या कंपनीत तयार झाला. २०१२ साली आलेले मोटू पतलू हे 'लोटपोट' या हिंदी मासिकातल्या जुन्या चित्रकथेवरून घेतले. पण बनवायला पैसा लागलेला असल्यानं तीही पुन्हा पुन्हा दाखवली जातात.

चोवीस तास भरायचे कसे?

तिशी-पस्तिशीतल्या मैत्रिणींना दूरदर्शनवरचा मोगली आठवत असेल. ती मालिकाही जपानमध्ये बनलेली आणि हिंदीत आवाज दिलेली होती. तिचे ५२ भाग होते. आठवड्याला एक भाग, म्हणजे ५२ भाग वर्षभर पुरतात. रविवारी अर्धा तास बघायचं आणि पुढचे सहा दिवस ओट्यावर, झाडावर मोगली खेळायचा.

१९९५ साली कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात आली, नंतर निकलोडियन, पोगो, हंगामा, डिस्ने अशा वाहिन्या आल्या आणि कार्टूनचं गणितच बदललं. या वाहिन्या दिवसरात्र चालतात. अर्ध्या तासाचे ५२ भाग सलग लावले तर ते २६ तासांत संपतात. वर्षभराचा शिधा एक दिवस आणि दोन तासांत खलास! मग दुसऱ्या दिवशी काय लावणार? तेच पुन्हा.

शिवाय वाहिनीला आणखी एक सोय असते. मोठ्यांच्या मालिकेचा प्रेक्षक वीस वर्षं तोच राहतो, त्याला तेच भाग दाखवले तर तो चिडतो. मुलांचं तसं नाही. आज चार वर्षांचं लेकरू चार-पाच वर्षांनी कार्टून सोडून क्रिकेट आणि मोबाईलकडं वळतं, आणि त्याच्या जागी धाकटं येऊन बसतं. त्याला सगळे जुने भाग नवेच.

लेकरांना कंटाळा का येत नाही?

हे तर आपल्याला माहीत आहे. चिमणी-कावळ्याची गोष्ट आपण आजीकडून कितीदा ऐकली? कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं मेणाचं, हे पाठ असूनही रोज तीच गोष्ट मागायचो. आजीनं एक शब्द इकडचा तिकडं केला तर लगेच धरायचो. लहान मुलाला पुढं काय होणार हे आधीच माहीत असण्यात गंमत वाटते. आपलं बरोबर आलं, याचा त्याला आनंद होतो. आणि तेच तेच ऐकून नवे शब्द डोक्यात पक्के बसतात.

टीव्ही बनवणाऱ्यांनीही हे ओळखलंय. अमेरिकेत १९९६ साली 'ब्लूज क्लूज' नावाचा लहान मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा एकच भाग सोमवार ते शुक्रवार, पाचही दिवस मुद्दाम दाखवत. अभ्यासकांनी पाहिलं की पहिल्या दिवशी मुलं नुसती बघतात, आणि आठवड्याच्या शेवटी शेवटी ती पडद्याकडं बघून मोठ्यानं उत्तरं देऊ लागतात.

म्हणजे पुन्हा पुन्हा दाखवणं ही वाईट गोष्ट नाही. पुन्हा पुन्हा पाहून लेकरू शिकतंच. म्हणून आपण विचारायला पाहिजे की ते शिकतंय काय? दोन गोष्टी तरी नक्की शिकतं. एक भाषा आणि दुसरी जाहिरात.

देगलूरच्या अलीकडं हिंदी, पलीकडं तेलुगू

परदेशी कार्टूनवर आपल्याकडचे कलाकार नव्यानं आवाज देतात. एका भाषेत आवाज द्यायचा म्हणजे भाषांतर, कलाकार, ध्वनिमुद्रण असा खर्च. हिंदीत एकदा केलं की अनेक राज्यांत चालतं, म्हणून पहिली निवड हिंदी.

आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. नांदेड जिल्ह्यातलं देगलूर ओलांडलं की तेलंगण लागतं. तिथली लेकरं छोटा भीम तेलुगूत पाहू शकतात. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरहून बिदरकडं गेलं की कर्नाटक. चेन्नईच्या सन समूहानं २००७ साली तमिळमध्ये मुलांसाठी चुट्टी ही वाहिनी काढली आणि २००९ साली तेलुगूत खुशी व कन्नडमध्ये चिंटू. मराठी मुलांना अशी वाहिनी मिळायला बराच उशीर झाला. २०२१ साली हैदराबादच्या ईटीव्हीनं 'बाल भारत' ही वाहिनी बऱ्याच भारतीय भाषांत काढली, त्यात मराठी होती.

एवढा उशीर का? टीव्ही कोण किती पाहतं याची मोजणी बार्क नावाची संस्था करते. जाहिरातीचे दर त्या मोजणीवर ठरतात. त्या मोजणीत दक्षिणेकडची राज्यं वेगळी धरतात आणि बाकीच्या देशाला 'हिंदी बोलणारा बाजार' म्हणतात. महाराष्ट्र त्या हिंदी बाजारात मोडतो. धंदेवाल्यांचा हिशेब असा, की मराठी लेकराला हिंदी कळतेच, मग मराठीसाठी वेगळा खर्च कशाला?

आपल्या मराठवाड्याला हिंदी परकी नाही. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, कारभार उर्दूत चालायचा, आणि बाजारात दखनी बोलणं आजही चालतं. दोन-तीन भाषा येणं ही आपली श्रीमंती आहे. त्यामुळं लेकरू हिंदी शिकलं तर बिघडत काही नाही. काळजी वेगळीच आहे. कार्टूनच्या हिंदीत तिफण नसते, वखर नसतो, कडबा नसतो, ढाळे नसतात, पोळा आणि येळवस नसते. हे शब्द घरात कोणी बोललं तरच लेकराला मिळणार. संध्याकाळचे दोन तास टीव्ही बोलत राहिला आणि घरातलं कोणीच बोललं नाही, तर लेकराच्या तोंडी टीव्हीचे शब्द येतील. मग ते आजीला "मुझे भूख लगी है" म्हणतं, आपल्यालाही हसू येतं, कौतुक वाटतं. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत गेल्यावर हातात बालभारतीचं मराठी पुस्तक पडतं, आणि त्यातले साधे घरचे शब्द लेकराला अडतात तेव्हा ते मागं पडू लागतं. ज्या घरातली आई दिवसभर मजुरीला जाते, त्या घरातल्या लेकराला हा फटका जास्त बसू शकतो, कारण त्याच्याशी बोलायला मोठं माणूस कमी वेळ असतं.

हा प्रश्न एकट्या आपला नाही. बांगलादेशात हिंदी आवाजातलं डोरेमॉन इतकं पाहिलं जायचं की मुलं घरात हिंदी बोलू लागली. तिथल्या सरकारनं २०१३ साली ते दाखवणं बंद केलं. पुढं तेच डोरेमॉन बंगाली आवाजात दाखवलं गेलं. आपल्या देशातही २००८ साली शिनचॅन या कार्टूनवर पालकांच्या तक्रारींमुळं सरकारनं बंदी घातली होती, नंतर ते काटछाट करून परत आलं. यातून एवढंच घ्यायचं की पालक बोलले तर फरक पडतो.

पाच रुपयांचा हिशेब

आता दुसरी गोष्ट, जाहिरात. जुनं कार्टून दाखवून वाहिनीला पैसा मिळतो तो मुख्यतः जाहिरातीतून आणि आपण भरतो त्या केबलच्या किंवा छत्रीच्या पैशांतून. सरकारी नियमानुसार वाहिनीला तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात. लेकरू रोज दोन तास बसलं तर दिवसाला २४ मिनिटांपर्यंत आणि आठवड्याला १६८ मिनिटांपर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास, नुसत्या जाहिराती. कार्टून पुन्हा पुन्हा लागतं, तशी जाहिरातही पुन्हा पुन्हा लागते. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरात आपल्याला काही विकायला आलीय, हे नीट उमगत नाही. त्यांना ती कार्टूनचाच तुकडा वाटते.

मग दुकानापुढं हट्ट सुरू होतो. रोज एक पाच रुपयांचा पुडा धरा. महिन्याचे दीडशे रुपये. वर्षाचे १,८२५. घरात दोन लेकरं असली तर ३,६५०. आपल्यातल्या बऱ्याच गटांची मासिक बचत शंभर रुपये आहे, म्हणजे वर्षाला १,२००. जी बाई बचतीचे शंभर रुपये भरायला महिनाअखेरीस ओढाताण करते, तिच्याच घरातून त्याच्या तिपटीनं पैसा पुड्यांत जातो, आणि पोटात जातं तेल-मीठ. त्याच पैशात शेंगदाणे, फुटाणे, गूळ, केळी येतात. मुरमुऱ्यांचा सुशीला तर दहा मिनिटांत होतो.

इथं एक नियम सगळ्यांनी लक्षात ठेवावा. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात म्हटलंय की चिप्स, फसफसणारी थंड पेयं आणि तसल्या खाऊच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमात किंवा फक्त मुलांसाठी असलेल्या वाहिनीवर दाखवू नयेत. तुमच्या घरी अशी जाहिरात दिसली तर वाहिनीचं नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर कळवा. एकटीनं फोन करायला संकोच वाटत असेल तर गटातर्फे करा.

आपल्या हातात काय आहे?

एक, वेळ ठरवा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ साली सांगितलंय की दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाच्या आत, तेही मोठ्यांच्या नजरेखाली. पाच ते दहा वर्षांच्या मुलाला दोन तासांच्या आत. यात टीव्ही आणि मोबाईल दोन्ही आले. स्वयंपाकाचा तास हाच कार्टूनचा तास ठरवा. "हा भाग संपला की बंद" असं आधीच सांगा. तोच भाग उद्या परत लागणार आहे, हे लेकरालाही माहीत असतं, त्यामुळं समजूत घालणं सोपं जातं. मोबाईलवर मात्र एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, म्हणून लहान लेकराच्या हाती मोबाईल देण्यापेक्षा टीव्ही बरा.

दोन, गोष्ट मराठीत सांगायला लावा. हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत चांगला उपाय आहे. भाग लेकराला पाठ असतो. भाकरी थापता थापता विचारा, "आज नोबितानं काय केलं रे? मग काय झालं? तू असता तर काय केलं असतं?" लेकरू हिंदीत सुरू करेल. रागावू नका. तुम्ही मराठीत विचारत राहा, हळूहळू तेही मराठीत येईल. नोबिताला आपल्या गावात आणा. त्याला पोळ्याच्या दिवशी बैल धुवायला लावा, येळवशीला आंबील पाजा. परक्या गोष्टीत आपले शब्द असे शिरतात. तुम्हाला वाचता येत नसलं तरी हे जमतं, कारण यात फक्त बोलायचं आहे.

तीन, जाहिरात लागली की आवाज बंद करा. थोड्या मोठ्या मुलांना विचारा, "ही बाई आपल्याला काय विकायला आलीय?" हा खेळ मुलांना आवडतो. एकदा ओळखायला शिकली की हट्ट कमी होतो.

चार, भाषा तपासा. काही बालवाहिन्यांवर एकाच चित्राला दोन-चार भाषांचे आवाज असतात. रिमोटवर भाषा बदलायचं बटण असतं, ते दाबून मराठी मिळते का बघा. नसेल तर केबलवाल्याला विचारा, मराठी बालवाहिनी आहे का, तिचे पैसे किती? २०१९ पासून ट्रायच्या नियमानुसार प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत वेगळी जाहीर करावी लागते आणि आपल्याला हवी ती वाहिनी एकेकटीही घेता येते. गठ्ठाच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. एका घरानं मागणी केली तर केबलवाला दुर्लक्ष करेल. गावातल्या दहा गटांनी मिळून केली तर त्याला ऐकावं लागेल. धंदेवाले मोजणी बघून चालतात, तर आपणही मोजले जाऊ असं वागायला पाहिजे.

ज्यांच्या घरी दूरदर्शनची फ्री डिश आहे, त्यांना महिन्याचे पैसे भरावे लागत नाहीत. तिच्यावर पीएम ई-विद्याच्या इयत्तेप्रमाणे शैक्षणिक वाहिन्या आहेत. करोनात शाळा बंद असताना २०२० साली सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही बालभारतीच्या पाठांवरची मराठी मालिका लागायची. मुलांसाठी मराठीत चांगलं काही करता येतं, हे तिनं दाखवलं.

पाच, घरातल्या आजी-आजोबांना कामाला लावा. त्यांच्याकडं ज्या गोष्टी आहेत, त्यांना ना भाडं ना मुदत. त्या कितीही वेळा लावा. रात्री अंथरुणावर एक गोष्ट, रोज तीच असली तरी चालेल. लेकराला तेच तेच हवं असतं, हे आता आपल्याला कळलंय.

या महिन्यात प्रत्येक गटानं एक काम करावं. बैठकीला येताना लेकरांना घेऊन या. प्रत्येक लेकराला त्याच्या आवडत्या कार्टूनची एक गोष्ट मराठीत सांगायला लावा, आणि आपापल्या घरात महिन्याला किती पुडे आले ते वहीत लिहा. चांगल्या गोष्टी सांगणाऱ्या लेकरांचा आवाज आपण आपल्या रेडिओवर ऐकवू.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!